रेडिओचं दावं

गिऱ्हाईक दुकानात शिरताना चपला कुठं काढतं, यावर माझं बारीक लक्ष असायचं. चपलांसकट आत येणारा माणूस भाव विचारतो आणि पाच मिनिटांत वाटेला लागतो. चपला पायरीखाली काढून येणारा बसतो, पाणी मागतो आणि माझा अर्धा दिवस खातो. कुंडलचे नाथाजी पवार चपला काढून आले, त्या एकीवर एक ठेवून भिंतीकडेला सरकवल्या, आणि मी मनात म्हटलं, गेला आजचा दिवस. प्रत्यक्षात तीन दिवस गेले.

चौऱ्याहत्तर सालची गोष्ट. सांगलीत गणपती पेठेत माझं 'पद्मावती रेडिओ' नावाचं दुकान होतं. कंपन्यांचे सेट मी विकायचो, पण माझा जीव होता तो मी स्वतः जोडलेल्या सेटवर. मुंबईहून सुटं सामान आणायचं, मिरजेच्या एका सुताराकडून सागवानी पेटी करून घ्यायची आणि एकेक टाका डाग देऊन सेट उभा करायचा. ज्यांच्या घरी वीज नाही त्यांच्यासाठी मी बॅटरीचा वेगळा पत्र्याचा डबा देत असे. डब्यात सहा मोठे सेल, आणि डब्यापासून सेटपर्यंत जाणारी एक वायर. ही वायर माझी खास करामत होती. लाल आणि काळी अशा दोन तारांना पीळ द्यायचा, वरून सुती आवरण चढवायचं आणि दोन्ही टोकांना दोन पायांची पिन बसवायची, एक पाय जाड आणि एक बारीक. म्हणजे अडाण्यानं लावली तरी उलटी लागायची नाही. उलटी लागली तर आतले ट्रान्झिस्टर एका क्षणात जळून जातात, आणि जळताना धूरही काढत नाहीत. पोस्टानं येणारा रेडिओचा कोर्स करून मी हे सगळं शिकलो होतो आणि त्याची मला थोडी घमेंडही होती, ती का लपवा.

नाथाजींची हयात बैल पारखण्यात गेली होती. खरसुंडीच्या बाजारात लोक खोंड घेण्याआधी त्यांना शोधत फिरायचे. त्यांनी शेपटीचा गोंडा हातात धरून नुसतं 'हं' म्हटलं की सौदा पक्का. आता त्यांना रेडिओ घ्यायचा होता, आणि काहीही घ्यायची त्यांना एकच रीत ठाऊक होती.

पहिल्या दिवशी त्यांनी माझ्या सेटला तिन्ही बाजूंनी फेरी मारली. चौथ्या बाजूला भिंत होती, म्हणून सेट पुढं ओढायला लावून तीही बघितली. मग पेटीवर बोटानं टिचकी मारली आणि कान लावला.

"ह्यो कुठल्या मुलखातला?"

"आतलं सामान मुंबईचं, पेटी मिरजेची," मी म्हटलं.

"म्हंजी दोन जातीचा." त्यांनी मान हलवली. "शेट, खोड काय असंल तर आत्ताच सांगा. मागनं कळल्यावर वाईटपणा येतोय."

"रेडिओला कसली खोड?"

"मधीच बसतोय का? बुजतोय का?"

मी खरं ते सांगितलं. "बसत नाही. आभाळात विजा व्हायला लागल्या की जरा खरखर करतो."

"इजंला कोण बी बुजंल. त्येला खोड म्हणत न्हाईत," असं म्हणून त्यांनी मला अभय दिलं. मग पाठीमागची फळी काढून आतलं दाखवा म्हणाले. पेठेतल्या इतर दुकानदारांनी याच मागणीवर त्यांना बाहेरची वाट दाखवली होती, हे मला नंतर कळलं. मी मात्र फळी काढली. माझं आतलं काम बघायला मागणारा माणूस मला पाच वर्षांत भेटला नव्हता. नाथाजींनी आत बराच वेळ बघितलं आणि म्हणाले, "सुबक हाय." त्यांना त्यातलं एक अक्षर कळलं नसणार, तरी मी खुलून गेलो.

दुसऱ्या दिवशी ते सेट चालवून बघायला आले. "नांगराला धरल्याबिगर म्या बैल घेत न्हाई," म्हणाले, आणि बाकावर मांडी घालून बसले. दोन तास. बाजारभाव झाले, बातम्या झाल्या, कुणाचं तरी शेतकीवरचं भाषण झालं. नाथाजी डोळा न मिटता ऐकत राहिले. मी काटा फिरवता फिरवता धारवाड लागलं आणि कानडी गाणं सुरू झालं, तेव्हा कुठं ते हलले.

"ह्येला कानडी बी येतंय?"

"येतं की."

"मग चांगल्या दावणीचा हाय," ते म्हणाले. कर्नाटकातून आणलेल्या बैलाला कानडीतच हाक मारावी लागते, नाहीतर तो वळत नाही, हेही त्यांनी मला त्या वेळी सांगितलं. माझ्या धंद्याला त्याचा काही उपयोग नव्हता, पण माहिती म्हणून बरी.

मी विचारलं, "एवढी पारख करताय, रेडिओ हवाय कशाला?"

नाथाजींनी दाराकडं बघितलं. माझी आई तेवढी कोपऱ्यात वाती वळत बसली होती. सगळी पेठ तिला आक्काताई म्हणायची. दुकानामागंच आमचं घर, त्यामुळं ती दिवसातले चार तास दुकानात असायची आणि प्रत्येक सौद्यात तिचं मत असायचं.

"आमची मंडळी गाणार हाय त्यात," नाथाजी खाली बघून म्हणाले. चांगला साठीचा माणूस, मिशा पांढऱ्या, पण कानशिलं लाल झाली होती.

मग सगळं बाहेर आलं. त्यांची बायको रंगूबाई जात्यावरच्या ओव्या म्हणायची. गावातल्या कुणीतरी तिचं नाव आकाशवाणीला कळवलं. महिन्याभरापूर्वी ती सांगलीला केंद्रावर येऊन गाऊन गेली होती. परवा पत्र आलं, की येत्या शुक्रवारी संध्याकाळी साडेसहाला तिच्या ओव्या लागतील. कुंडलमध्ये पंचायतीचा रेडिओ होता, तो वर्षभर मुका होता. सरपंचांच्या घरी एक होता. पण नाथाजींची वस्ती गावापासून दीड मैल आत, मळ्यात, जिथं वीज विहिरीच्या मोटारीपुरतीच आली होती, आणि रंगूबाई दुसऱ्याच्या सोप्यात बसून स्वतःचं गाणं ऐकायला तयार नव्हती.

"तिनं स्वतः ऐकलं नाही का, केंद्रावर?"

"न्हाई. गायली आन् भाईर आली. म्हणती, आत काय गेलं ते मला काय म्हाईत. चाळीस वर्सं झाली लगनाला, शेट. रोज पहाटं जात्यावर गातीया आन् म्या आतरुणात पडून ऐकतोय. तिनंच तेवढं कवा ऐकलं न्हाई."

हे त्यांनी बैलाचं वय सांगावं तसं सरळ सांगितलं.  मी उगाच काटा फिरवत बसलो.

शुक्रवारी सकाळी दहाला नाथाजी सौद्याला आले. खांद्यावरचा टॉवेल काढला, माझा उजवा हात धरला, टॉवेल वर टाकला आणि त्याखाली माझी बोटं दाबायला लागले. जनावरांच्या बाजारात भाव असाच ठरतो, तोंडानं कुणी आकडा बोलत नाही. माझ्या वडलांची समडोळीला जमीन होती आणि दावणीला सहा जनावरं, म्हणून मला ही भाषा येत होती. समोरच्या कापडवाल्यानं धंदा सोडून आमच्याकडं तोंड वासून बघितलं. आम्ही दोघं टॉवेलाखाली बोटं दाबतोय, मान हलवतोय, हात सोडतोय, परत धरतोय. शेवटी जमलं. किती बोटांवर जमलं ते मी बायकोलाही सांगितलेलं नाही. टॉवेलाखालचं टॉवेलाखालीच ठेवायचं असतं.

त्या काळात रेडिओला लायसन लागायचं आणि त्याचा फॉर्म पोस्टात मिळायचा. नाथाजींना त्याचं नवल वाटलं नाही, बाजारात जनावराची पावती फाडतातच. माझ्याकडचे फॉर्म संपले होते. मी सेटची वायर काढून गुंडाळून काउंटरवर ठेवली, डबा ठेवला, खोकं काढून ठेवलं आणि पोस्टात गेलो. परत आलो तर नाथाजींनी सगळं स्वतःच खोक्यात भरून, वर गोणपाट घालून, सुतळीनं आवळूनसुद्धा टाकलं होतं. मला बरंच वाटलं. फॉर्म लिहून दिला, त्यांनी आईच्या पाया पडून निरोप घेतला आणि खोकं डोक्यावर घेऊन बाराच्या एस.टी.ला गेले.

दोन वाजता मी जेवायला आत गेलो. ताटावर बसलो आणि समोर बघितलं. देवघराशेजारच्या खुंटीला माझी लाल-काळी वायर नीट वेटोळं करून टांगलेली होती. पिनेला हळदीचं बोट आणि कुंकवाचं बोट.

"आई, हे काय?"

"दावं," आई म्हणाली.

"कसलं दावं?"

"त्या पाव्हण्यानं दिलं. चांगल्या घरचा माणूस बघ. म्हणाला, आक्काताई, तुमचं दावं तुमच्याजवळ ऱ्हाऊ द्या, म्या घरचं घालतो. मी म्हटलं, व्हय बाबा, रीत हाय ती."

मी डोक्याला हात लावला. रीत आहे, ती मलाही माहीत होती. जनावर विकलं तरी दावं विकायचं नाही. दाव्याबरोबर घरची लक्ष्मी जाते, म्हणून विकणारा दावं सोडून ठेवून घेतो आणि घेणारा आपलं घरचं बांधून जनावर नेतो. माझा बाप सुद्धा असाच करायचा. पण बापानं रेडिओ विकले नव्हते.

"अगं, त्या वायरीशिवाय रेडिओ बोलणार नाही!"

"बोलंल की. त्येच्याकडं घरचं हाय म्हणाला. मोटारीची तार पडलीय म्हणं विहिरीवर."

हे ऐकल्यावर मात्र घास माझ्या हातातच राहिला. मोटारीच्या तारेला ना पिन, ना लाल-काळं. दोन उघडी टोकं घेऊन ते डब्याला लावणार, दोन सेटला लावणार. सुलटी लागली तर रंगूबाई गाणार. उलटी लागली तर माझ्या चार आठवड्यांच्या कामाची राख, आणि ती बाई चाळीस वर्षांत आलेली एकुलती एक संध्याकाळ मुक्या पेटीसमोर बसून काढणार. आकाशवाणी काही तिच्यासाठी उद्या परत लावणार नव्हती.

मी ताटावरून उठलो. आई मागून ओरडली, "आरं, भरल्या ताटावरनं उठू नये!" मी खुंटीवरची वायर ओढली. तर ती आडवी आली, "आन् दावं कुठं न्हेतोस? घरची लक्ष्मी हाय ती!" मी आजवर आईला उलटून बोललो नव्हतो. त्या दिवशी एवढंच म्हणालो, "आई, ही लक्ष्मी आज कुंडलला गेली नाही तर मला झोप लागायची नाही." ती बाजूला झाली. वर स्वतःच पिशवीत दोन भाकरी आणि चटणी कोंबून दिली.

अडीचची पलूसची गाडी मिळाली. खिडकीशी बसून मी हिशेब मांडत होतो. नाथाजी बाराला निघाले, म्हणजे उशिरात उशिरा तीनला घरी. माणूस रेडिओ घेऊन घरी आला की काय करतो? मी पाच वर्षांत शेकडो सेट विकले होते, उत्तर मला पाठ होतं. दारातूनच सुरू करतो. तासगावला गाडी वीस मिनिटं थांबली. ड्रायव्हर चहा पिऊन आला, मग पान खायला गेला. मी शांत स्वभावाचा माणूस आहे, पण त्या पानवाल्याचं दुकान उलथून टाकावं असं मला वाटलं.

पलूसला उतरून भाड्यानं सायकल घेतली. कॉलेज सोडल्यापासून सायकलीवर बसलो नव्हतो आणि मधल्या काळात आईच्या हातच्या पुरणपोळ्यांनी आपलं काम केलं होतं. उसाच्या गाड्यांनी रस्त्याचे तुकडे केलेले. दोनदा पडता पडता राहिलो. कुंडलच्या वेशीत विचारलं, "नाथाजी पवारांची वस्ती?" तर एक म्हातारा म्हणाला, "रेडिओवालं नाथाजी व्हय?" म्हणजे गावभर झालं होतं. साडेपाच वाजत आले होते.

वस्तीवर पोचलो तर अंगणात निंबाखाली पंधरावीस माणसं. मधे पाटावर घडी घातलेलं घोंगडं, त्यावर माझा रेडिओ. पेटीला हळदकुंकू, वर झेंडूची माळ. शेजारी बॅटरीचा डबा. डब्याशेजारी दोन हात लांब, काळी, दुपदरी, उघड्या टोकांची तार. आणि नाथाजी बाजल्यावर निवांत पान चघळत होते.

"लावली का?" मी सायकल तशीच टाकून ओरडलो. "तार लावून बघितली का?"

नाथाजी उठून उभे राहिले. "आवं शेट! तुमी कसं काय? बसा, पाणी घ्या."

"आधी सांगा, तार लावली का?"

"छ्या, छ्या. लांबनं आलेलं जनावर आल्या आल्या कोण जुंपतंय का?" त्यांना माझ्या प्रश्नाचंच आश्चर्य वाटलं. "एस.टी.तनं आलंय त्ये. निम्म्या वाटंवर नुसतं धक्कं. म्हटलं, इसावा घिऊ द्या. सा वाजता जुंपू."

मी तिथंच निंबाच्या बुंध्याशी मटकन बसलो आणि हसत सुटलो. लोकांना वाटलं, शेटला ऊन लागलं. एका बाईनं तांब्या आणून दिला. ठेंगणी, काळी-सावळी, डोक्यावरचा पदर दातात धरलेला. हीच रंगूबाई हे मला कुणी सांगावं लागलं नाही, कारण एवढ्या माणसांत रेडिओकडं पाठ करून वावरणारी ती एकटीच होती.

श्वास बसल्यावर मी पिशवीतून वायर काढली आणि नाथाजींपुढं धरली. त्यांनी दोन्ही हात मागं घेतले.

"न्हाई शेट. ह्ये तुमचं दावं."

"नाथाजीराव, हिच्याशिवाय चालणार नाही."

"न्हाई तर न्हाई. तुमच्या घरची लक्ष्मी सोडून आणू? आक्काताईस्नी तोंड कसं दावू?"

मी समजावून सांगितलं. लाल, काळी, उलटं, सुलटं, ट्रान्झिस्टर. सगळ्यांनी माना डोलावल्या. नाथाजींनी सगळ्यांत जास्त डोलावली आणि म्हणाले, "तुमचं खरं हाय. पर दावं घ्यायचं न्हाई." बाजारात त्यांच्या शब्दाला जो मान होता तो अशाच हट्टावर उभा असणार. मी म्हटलं, फुकट देतो. तर उलट जास्तच बिघडलं, फुकटचं दावं म्हणजे तर चोरीच. कोपऱ्यातून एकजण म्हणाला, शेट, तुमीच हातानं बांधा. नाथाजी म्हणाले, कुणी का बांधंना, घरात ऱ्हाणार त्ये माज्या. सहाला दहा कमी. मला घाम फुटला होता, आणि तो सायकलीचा नव्हता.

रंगूबाईनं तेवढ्यात नवऱ्याला बाजूला सारलं. "आवं, त्यास्नी आदी जेवू द्या. जैन हायत त्ये, दिवस बुडाल्यावर त्यांच्यात खात न्हाईत." मग मला म्हणाली, "दादा, पिठलं-भाकरी हाय. कांदा-लसूण घातला न्हाई, तुमी आल्यालं बगून येगळं टाकलं."

एवढ्या गडबडीत, आयुष्यात एकदाच येणाऱ्या संध्याकाळी, या बाईनं माझ्यासाठी वेगळी चूल लावली होती. मी मुकाट्यानं बसलो. आईनं दिलेल्या भाकरी पिशवीतच राहिल्या. गोठा समोरच होता. दुसरी भाकरी मोडताना माझी नजर दावणीच्या खिलार बैलावर गेली. त्याच्या नाकातून गेलेली वेसण आणि तिला बांधलेलं दावं. मी हात तसाच धरून विचारलं, "नाथाजीराव, बैल विकला की दावं ठेवून घेता. आणि वेसण?"

"येसण जनावराबरुबर जाती. नाकातली वस्तू ती, काढून कशी घ्यायची?"

मी हात धुतले आणि म्हटलं, "एक सुरी द्या."

माझी लाडकी वायर मी दोन्ही टोकांशी चार बोटं सोडून कापली. पिना हातात घेतल्या, मधला सगळा पीळ गुंडाळून परत पिशवीत टाकला. "हे दावं माझ्या घरी चाललं. या पिना म्हणजे वेसण. ही सेटच्या नाकात जाते. दावं तुमचं."

नाथाजींनी पिन हातात घेतली. जाड पाय बघितला, बारीक पाय बघितला. सेटच्या पाठीमागची दोन भोकं बघितली. सबंध अंगण त्यांच्या तोंडाकडं बघत होतं.

"हं," ते म्हणाले.

मग मी जी घाई केली ती पुन्हा कधी केली नाही. डाग द्यायला काही नव्हतं. दातांनी तारेचं रबर सोललं, आतल्या एका तारेच्या दोन्ही टोकांना ओळख म्हणून दोरा बांधला, ती लालला, दुसरी काळीला, पीळ मारून वर चिंधी.  सहा वाजून चोवीस मिनिटांनी पिन बसवली आणि बटण फिरवलं. आधी काही नाही. मग खरखर. मग निवेदकाचा आवाज असा स्वच्छ आला, की पुढं बसलेल्या दोन म्हाताऱ्यांनी त्याला रामराम घातला.

रंगूबाई उंबऱ्यात उभी होती. नाथाजींनी बोलावलं तरी पुढं येईना. निवेदकानं तिचं नाव घेतलं, गावाचं नाव घेतलं, अंगणात एक कुजबूज उठली आणि लगेच थांबली. जात्याची घरघर सुरू झाली आणि तिच्यावर आवाज आला.

जात्याच्या तोंडामंदी मूठ जोंधळ्याची घाली,
भाऊ माझा येतो म्हणं, वाट कुंडलाची आली.

आवाज थोडा घोगरा होता, शेवटच्या अक्षराशी खाली उतरणारा. नाथाजी मिशीतल्या मिशीत हसत सगळ्यांकडं बघत होते, जणू बैल शर्यतीत पहिला आलाय. मी पेटीच्या मागं उकिडवा बसून चिंधी धरून होतो, त्यामुळं उंबरा मला समोर दिसत होता. रंगूबाईच्या दातातला पदर सुटला. ती चालत आली, लोकांच्या मधून, वाटेतल्या माणसांना ओलांडत, आणि रेडिओपुढं मांडी घालून बसली.

"ही मी न्हाई," ती म्हणाली.

"आगं, तूच!" नाथाजी म्हणाले. "नाव सांगितलं की तुजं."

"न्हाई." ती पेटीकडं बघत होती. "ही माजी आय हाय."

 रंगूबाईची आई विट्याची. ही लग्न होऊन कुंडलला आली त्याच वर्षी ती गेली होती, हे नंतर नाथाजींनी मला सांगितलं. तिचा फोटो नाही, लुगडं नाही, काहीच मागं राहिलं नव्हतं. चार ओव्या झाल्या. रंगूबाईनं पेटीच्या लाकडावर हात ठेवला होता आणि तो तिनं हलवला नाही. मग जातं थांबलं, निवेदक आला, आणि खतांवरची माहिती सुरू झाली.

तिनं माझ्याकडं बघितलं. "दादा, परत एकदा म्हणाया लावा की तिला."

मी रेडिओतलं सगळं जाणणारा माणूस. मला सांगावं लागलं, की यातून गेलेलं परत येत नाही. सांगताना मी तिच्याकडं बघितलं नाही.  तिनं पेटीवरचा हात काढला, पदर सावरला आणि म्हणाली, "असू दे. आली तरी." आणि उठून सगळ्यांना चहा करायला गेली.

परतीची गाडी गेली होती, म्हणून मी अंगणातच बाजल्यावर झोपलो. नाथाजींनी रेडिओ गोठ्याशेजारच्या खोलीत नेऊन ठेवला आणि त्याच्यावर घोंगडं घातलं. मी नको म्हणालो नाही.

पहाटे जाग आली ती जात्याच्या आवाजानं. तांबडं फुटत होतं. आतून रंगूबाई ओवी म्हणत होती, कालचीच, पण फार हळू. एक ओळ म्हणायची आणि थांबायची. जातं नुसतं फिरत राहायचं. मग ती परत तीच ओळ म्हणायची, शेवटचं अक्षर लांबवून, आणि परत थांबून ऐकायची.

मी उठून बसायला लागलो. शेजारच्या बाजल्यावर नाथाजी जागेच होते. त्यांनी हातानं मला खाली दाबलं.

"उठू नगा, शेट," ते हलक्या आवाजात म्हणाले. "मायलेकी दळत्यात."

मी पांघरूण परत ओढून घेतलं. सकाळची पहिली एस.टी. चुकली ती त्यामुळं.